शिंप्याचा विशेषाधिकार

—हलू नका हो प्रुइटसाहेब, टाचणी टोचली तर मलाच समन्स पाठवाल. हं, उजवा हात वर. आणखी वर — शपथेला करतात तसा. वॉशिंग्टनमध्ये कोट शिवायचा तर काखेत सैल ठेवावंच लागतं, नाहीतर माणूस शपथ घेतो आणि कोट कानाशी गेलेला अख्खा देश टीव्हीवर बघतो. तुम्ही काय, संसदेच्या चौकशी समितीचे वकील, प्रश्न विचारणारे — पण सरकार बदललं की उत्तरं द्यायला बसाल, म्हणून सैल ठेवतोय.

काल टीव्हीवर पाहिलं की तुम्हाला. राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार थॉर्नलीसाहेब, त्यांच्या अगदी हात धुऊन मागे लागला होतात — धरण फुटणार हे राष्ट्राध्यक्षांना आधी कळलं होतं का, हो की नाही? आणि त्यांचं आपलं एकच पालुपद, विशेषाधिकार — राष्ट्राध्यक्षांना दिलेला सल्ला गुप्त ठेवायचा हक्क. तो राखाडी कोट माझाच, छान बसला होता ना? राग मानू नका, पण त्यांचं बरोबर आहे. सल्लागार बंद खोलीत बोलला ते उद्या चव्हाट्यावर येणार असेल, तर खरं बोलेल कोण? सगळे आपले 'वा साहेब, वा साहेब'. हां, गुन्हा झाकायला तो नाही, कोर्टानं मागितलं तर द्यावंही लागतं — एवढं आम्हालाही कळतं, गिऱ्हाइकं सगळी तुमच्यातलीच. पण थॉर्नलीसाहेब पोटात ठेवणारा माणूस. बायकोला बोलले नाहीत. मला बोलले तेवढंच — इथंच, याच फळीवर उभे राहून, डोळ्यांत पाणी हो — म्हणाले, 'ॲन्सेल्मो, मी त्यांना दोनदा सांगितलं, गावं रिकामी करा, पण निवडणूक तोंडावर—'

म्हणजे... असं काही नाही म्हणाले. हवापाण्याचं बोललो आम्ही. हसताय काय? शिंप्यालाही विशेषाधिकार असतोच की. नसतो? बाहेरच्याला सांगितलं की गुप्ततेचा हक्कच गेला? अहो, मी कसला बाहेरचा, इतकी वर्षं मापं घेतोय त्यांची... नाही, राष्ट्राध्यक्षांना सल्ला देत नाही मी. पँटी उसवतो, शिवतो.

माणसं वाहून गेली, ठाऊक आहे मला. मलाही झोप नाही त्या दिवसापासून. पण त्यांनी विश्वासानं सांगितलं होतं हो. भला माणूस आहे, संपवतील त्याला.

माझं पूर्ण नाव? ते कशाला, समन्सवर घालायला? — कोट काढा. टाचण्या राहू द्या, तसाच काढा. फोन बाहेर जाऊन करा. नाही, शिवून मिळणार नाही. दार ओढून घ्या.