रकाना चौथा: चित्रपटाचे नाव

साहेब, बँड स्पर्धेचा फॉर्म तुम्ही छापलात, पण उभ्या आयुष्यात बँड तुम्ही कान देऊन ऐकलेला नाही. यंदा, १९९८ सालीही, नाशकात तुमच्या कचेरीच्या खिडकीपुढे फॉर्म भरणाऱ्यांची रांग आहे. माझ्या पुढे सिन्नरचे बँडवाले दत्तू मास्तर आहेत, खिडकीत तुमच्या कारकून बाई.

“मास्तर, चित्रपटाचं नाव राहिलंय.”

“पिक्चर नाय ना, बाई. चाल माझी हाय.”

“तुमची म्हणजे?”

“मी बसवलेली. ड्रमवर विलायती शफल, डुलत चालणारा ठेका. त्याच्यावर क्लॅरिनेट, सुरगाण्याचे आदिवासी फुंकत्यात त्या पावरीसारखी. मग अठरा पितळी वाद्यं एकदम उठत्यात.”

“छान. कुठल्या पिक्चरमधली?”

“अहो, दोन वर्षं लागली बसवायला! लय अवघड म्हणून ट्रम्पेटवाला दोनदा सोडून गेला.”

“रकाना रिकामा चालत नाही. टाका कुठलंही नाव.”

“मागच्या साली टाकलं. परीक्षक म्हणले, त्या पिक्चरात ही चाल नाय, ही फसवणूक हाय. सगळा बँड बाद केला.”

“मग यंदा दुसरा पिक्चर टाका.”

“बाई, तुम्ही ऐकता का? ट्रम्पेट आणलंय, इथंच वाजवतो.”

“कचेरीत वाजवायला परवानगी लागते. तिचा फॉर्म वेगळा आहे.”

“त्यात पण पिक्चर विचारलाय?”

“हो.”

साहेब, खिडकी पाचला बंद होते. मास्तर पेन उघडून उभे आहेत. त्यांनी काय लिहायचं, ते बाहेर येऊन सांगा.