पाहुण्यांची स्टुलं

सन्माननीय अध्यक्ष महोदय, आपल्या कारखान्याचे मॅनेजरसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त होणाऱ्या चेकिंगच्या मावशी आणि सभागृहात जमलेल्या माझ्या कामगार बंधू-भगिनींनो,

कामगार संघटनेच्या वतीनं मी चार गोड शब्द बोलावेत, असं ठरलंय. प्रयत्न करतो.

मावशींनी उभा जन्म टेबलाशी उभं राहून शर्ट तपासले. एक तुटका टाका त्यांच्या नजरेतून निसटला नाही. आता साहेबांनी दाराशी वाटलेली ही गुळगुळीत पुस्तिका उघडा. वर छापलंय, ‘मानवी हक्क ही आमची बांधिलकी’. खाली फोटोत मावशी स्टुलावर बसून हसताहेत. का हसताहेत, ठाऊक आहे? माल घेणाऱ्या कंपनीचे पाहुणे पाहणीला येणार, म्हणून त्या सकाळी स्टोअरमधून नवी कोरी स्टुलं निघाली. टेबलं उभ्यानं कामाच्या उंचीची, स्टुलं बुटकी! मावशी बसल्या आणि टेबल थेट हनुवटीला. शेजारणीला म्हणाल्या, “अगं, शर्ट कुठे गेला?” तेवढ्यात फोटो निघाला. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि स्टुलं पुन्हा कुलपात.

हसा, हसून घ्या. पण त्याच रांगेत मावशींची सून उभी असते. तिला सहावा महिना लागलाय. पाय सुजून चपलेत मावत नाहीत. तिनं बसायला मागितलं, तर उत्तर काय? “झेपत नसेल तर बिनपगारी घरी बस.”

सोमवारी मावशी स्वतः स्टोअरमध्ये गेल्या आणि एक स्टूल उचललं. सुपरवायझर आडवा आला.

“मावशी, ठेवा ते. पाहुण्यांसाठी आहे.”

“मग मला पाहुणीच समज की! आज-उद्याचीच आहे मी इथे.”

“मावशी, वरून हुकूम आहे.”

“घरी मी तिला जड भांडं उचलू देत नाही, आणि तू दिवसभर उभी ठेवतोस? अरे, सासू बरी म्हणायची पाळी आणलीस पोरीवर!”

तरीही स्टूल परत गेलं. साहेब, किती वेळा सांगायचं? बांधिलकी छापायला एवढा भारी कागद मिळतो, आणि पोटुशी बाईला टेकायला एक लाकडी फळी मिळत नाही? याला बांधिलकी म्हणायचं, तर निगरगट्टपणा कशाला म्हणायचं?

मावशींना विचारलं, निरोपाची भेट काय देऊ? म्हणाल्या, “घड्याळ नको. सुनेच्या टेबलाचे पाय कापा.” आपल्या सुतारकाकांनी माप घेतलंय. वीतभर कापलं की टेबल स्टुलाच्या उंचीला येतं. ते करवत घेऊन दाराशी थांबलेत. साहेब, या भरल्या सभागृहात एकदा ‘हो’ म्हणा. ‘नाही’ म्हणायचं असेल, तर तेही इथेच म्हणा, त्या मुलीच्या डोळ्यांत बघून.

मावशी, तुम्ही आम्हाला आईच्या मायेनं सांभाळलंत. आणि आपण सर्वांनी माझं कडू बोलणं शांतपणे ऐकलंत. दोघांचाही मी ऋणी आहे. आनंदाच्या कार्यक्रमात माझा आवाज चढला, तेवढं पोटात घाला.

आता रीतीप्रमाणे मी खाली बसायला हवं. पण साहेबांचं उत्तर येईपर्यंत मी इथेच उभा आहे.