पायलचा फोटो हळू जाऊ दे

रवी सर : हे काय? फोटो आत्ता होता, आत्ता गेला! परत दाखवा.

उज्वला : तुम्ही तसंच म्हणाला होतात ना, सर? बटण दाबलं की खालच्या बॅचला जाणाऱ्या पाच मुलांचे फोटो स्क्रीनवरच्या फोटोंच्या भिंतीवरून निघाले पाहिजेत.

रवी सर : असे? पापणी लवली तर पालकांना कळणारसुद्धा नाही. उद्या हॉल भरलेला असणार, मॅडम. एवढा मोठा पडदा लावतोय मी. पहिल्या बॅचमधून कोण उतरलं, ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसायला हवं. आपल्या वेबसाइटवर तुम्ही ते केलंय ना, टॉपरच्या फोटोवर माऊस नेला की तो सावकाश मोठा होतो, कडा सोनेरी होते? तसं हवं. फक्त उलटं.

उज्वला : ते ट्रान्झिशन आहे, सर. मुलांना बरं वाटावं म्हणून केलं होतं.

रवी सर : मग आता बरं वाटू नये म्हणून करा. येतं ना?

उज्वला : येतं. आधी फोटो कसा, नंतर कसा, आणि किती वेळात बदलायचा, एवढंच लिहायचं. मधलं सगळं ब्राउझर करतो.

रवी सर : झालं तर. आधी रंग उडू द्या, मग फोटो पुसट होऊ द्या, मग खाली सरकू द्या. किती वेळ लावता?

उज्वला : अर्धा सेकंद पुरे. त्याहून जास्त लावलं की डोळ्यांना खटकतं.

रवी सर : खटकू द्या की. चार करा.

उज्वला : चार सेकंद फार होतात, सर.

रवी सर : पोरांनी वर्ष वाया घालवलेलं चालतं आणि चार सेकंद फार होतात? टाका... हं. पण आता रंग सुरुवातीलाच उतरतो आणि शेवटी उगाच रेंगाळतो. उलटं जमेल? आधी जरासंच काहीतरी बदललंय असं वाटावं. बापाला वाटेल, प्रोजेक्टरच बिघडला. आणि मग कळावं.

उज्वला : जमेल. सुरुवात संथ ठेवायची आणि वेग नंतर द्यायचा.

रवी सर : द्या. आणि पाचही जण एकदम नकोत. एक गेला की थांबायचं. मग दुसरा.

उज्वला : प्रत्येकाला वेगळा डिले द्यावा लागेल. पण कशासाठी, सर?

रवी सर : पहिला गेला की अख्खा हॉल आपापल्या पोराचा फोटो शोधायला लागतो. कॉलेज रोडला गल्लोगल्ली क्लास आहेत, मॅडम. तरी लोक माझ्याचकडे का येतात? सोनाराने कान टोचलेले बरे असतात, म्हणून.

उज्वला : सोनार टोचताना एवढा वेळ लावत नाही, सर.

रवी सर : वा! जीभ बरी चालतेय आज. एवढा जीव कुणासाठी तुटतोय?

उज्वला : हिच्यासाठी. पायलसाठी. रोज सिन्नरहून एसटीने येते. परीक्षेच्या आदल्या दिवशी आमच्याकडे राहते, माझ्या सृष्टीबरोबर जेवते. पंधरा दिवसांपूर्वी तिची आजी गेली, कुसाबाई. त्यांनीच वाढवलं होतं तिला. दहावा उरकून दुसऱ्या दिवशी येऊन पेपर दिलाय पोरीने. आणि तुम्ही निमंत्रणावर 'गुणगौरव सोहळा' छापलंय. तिचे वडील, मल्हारीभाऊ, कारखान्यातून रजा काढून पेढे घेऊन येतायत. त्यांना वाटतंय, लेकीचा सत्कार आहे.

रवी सर : आणू देत की पेढे. हॉलमध्ये खाणारे पुष्कळ आहेत.

उज्वला : सर, या वेळी वगळा तिला. एवढी एकच वेळ.

रवी सर : वगळू? माझं काय जातं! घ्या माऊस, काढा नाव. पण पाच म्हणजे पाच. तिच्या जागी यादीत तिच्या लगेच वरचं नाव येणार, ते वाचा. मोठ्याने.

उज्वला : सर...

रवी सर : वाचा ना. चष्मा आणून देऊ?

उज्वला : सृष्टी.

रवी सर : सृष्टी. तुमचीच. तुम्ही वेबसाइट बघता म्हणून तिची फी मी घेत नाही, त्याबद्दल कधी बोललो? पण फुकटातली मुलगी पहिल्या बॅचमध्ये असेल तरच. खाली उतरली की ती थेट दाराबाहेर. आपलं ठरलंय हे. बोला, काढायचं पायलला?

उज्वला : नको.

रवी सर : काय? पंख्याच्या आवाजात ऐकू नाही आलं.

उज्वला : नको म्हटलं. राहू द्या पायल.

रवी सर : बघा, एवढंच असतं. मग सुरुवात तिच्यापासूनच करू. आणि तो फोटो हळू जाऊ द्या. चालवा एकदा... अहाहा! काय हात आहे हो तुमचा!

(सर फोनवर बोलत बाहेर जातात. दप्तर पाठीवरून उतरवत सृष्टी आत येते आणि आईच्या शेजारी बसते.)

सृष्टी : आई, लागला रिझल्ट? मी राहिले ना?

उज्वला : राहिलीस.

सृष्टी : शप्पथ? मग तू अशी का बसलीयेस? आणि हा पायलचा फोटो... आई, हा ग्रे होतोय.

उज्वला : होऊ दे. कीबोर्डला हात लावू नकोस.

सृष्टी : ती जाणारे? अगं, सकाळीच फोन आला होता तिचा. म्हणाली, काकूंना सांग, उद्या आधी तुमच्याकडेच येतो आम्ही, बाबांनाही आणते.

उज्वला : येऊ देत. चहा करीन.

सृष्टी : तू सरांना सांग ना काहीतरी. तुझं ऐकतात ते.

उज्वला : सांगितलं.

सृष्टी : मग?

उज्वला : मग तुझं नाव निघालं.

सृष्टी : मग निदान पटकन तरी घालव तिला. तूच दाखवलं होतंस मला, कोडमध्ये एकच ओळ असते ती. काढली की झटकन जातं.

उज्वला : सर पहिल्या रांगेत बसणार आहेत. ओळ काढली तर कळेल त्यांना.

सृष्टी : म्हणजे तू काढणार नाहीस.

उज्वला : नाही.

सृष्टी : ती माझ्याच शेजारी बसते गं, आई. तेवढा वेळ मी कुठे बघू?

उज्वला : सगळे बघतील तिकडे बघ.