सुरत ते ऑकलंड

सभेचे अध्यक्ष किसननाना, नर्सिंग कॉलेजच्या आदरणीय गायत्रीबेन, व्यासपीठावर बसलेले माझे थोरले दीर उखाअण्णा आणि पांडेसऱ्यातल्या माझ्या समस्त बहिणींनो, भावांनो, शोभाबाईचा सर्वांना नमस्कार.

माझी योगिता उद्या न्यूझीलंडला निघते आहे. ऑकलंडच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होईल. डबे करणाऱ्या बाईच्या मुलीसाठी तुम्ही हॉल सजवलात, हे मी विसरणार नाही.

मघाशी अण्णा म्हणाले, इथून ऑकलंड बारा हजार किलोमीटर. बरोबर आहे. सरळ विमान नाही, दोनदा बदलायचं, पोचायला सव्वा दिवस. तेही बरोबर. पण हेच अण्णांनी दिवाळीत घरी येऊन, पोरीच्या देखत मला ऐकवलं होतं. "तुले काही व्हई गयं ते पोर कव्हय ई?" म्हणजे मी मेले तर पोरगी कधी पोचणार!

पोरीने ते मनाला लावून घेतलं. मला न सांगता नोकरीला नकार कळवून मोकळी झाली. गायत्रीबेनचा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. तवा उतरवला आणि तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"नोकरीला नाही का म्हणालीस?"

"आई, तुझ्याजवळ कोण आहे गं?"

"मग काय, माझ्या मरणाची राखण करत बसणार आहेस?"

ती रडली. मी नाही रडले. तिला घेऊन थेट कॉलेजात गेले. गायत्रीबेननी माझ्यासमोर ऑकलंडला फोन लावला. नशीब, जागा अजून भरली नव्हती. बेन, तमारो खूब आभार.

आता मंडळी, मला सांगा, जवळ म्हणजे किती जवळ? योगिताचे वडील शेवटच्या आजारात दवाखान्यात होते, तेव्हा अण्णा कामरेजला राहत होते. तासाभराचा रस्ता. अण्णा, तुम्ही आलात का? आलात ते दहाव्याला. त्यांच्या उशाशी होती बारावीतली ही पोर, आणि आमची शेजारीण सुषमा. ती तिथे मागे बसली आहे. लातूरकडची बाई, आमच्या ना नात्याची, ना गावची.

म्हणून भर सभेत सांगून ठेवते. मला काही झालं तर पोरीसाठी कुणी खोळंबायचं नाही. अग्नी सुषमा देईल. मी तिला विचारलं आहे, ती हो म्हणाली आहे. योगिताला सुट्टी मिळेल तेव्हा ती येईल. पण "सगळं सोडून परत ये" असा फोन तिला कुणी करायचा नाही. मी तापाने फणफणले तरी नाही.

योगिता, मान खाली घालू नकोस. सगळ्यांकडे बघ.

नाना, तुम्ही मला बोलू दिलंत, मंडळाने एवढा थाट केला, सर्वांची मी ऋणी आहे. भाषणाची सवय नाही, शब्द इकडचा तिकडे झाला असेल तर पोटात घाला. अण्णांना बोलले ते मात्र चुकून नाही.