गरब्याचा तिसरा फेरा

नाही हो, ढोलामुळे नाही, दिव्यांमुळे नाही, आणि पारुलबेन म्हणतात तसं नजर लागून तर मुळीच नाही! तुम्हाला सांगते, आमची पंक्ति, नऊ वर्षांची, ऑटिझम आहे तिला, यंदा सोसायटीच्या गरब्यात नाचायचंच म्हणून हटून बसलेली... आणि सरावाला रोज तिसऱ्या फेऱ्याला कान दाबून किंचाळायची, तिथेच फतकल मारायची! का? आता हे मला कळायला नको? बडोद्यात बालमानसशास्त्र शिकवते हो मी, वीस वर्षं!

मग काय, काढली वही. सोमवारी ढोल लांब नेला. किंचाळली. मंगळवारी घागऱ्याची टोचरी किनार उसवली, बाईसाहेब खूश, तिसरा फेरा आला... किंचाळली. बुधवारी फेऱ्यांची चित्रं काढून दिली, तर तिनं आधी माझ्या चित्रांतल्या चुका काढल्या, आणि मग किंचाळली! आमचे निमेषभाई, म्हणजे नवरा हो माझा, म्हणतात, "अगं, तू तिची आई आहेस की परीक्षक?" म्हटलं, तुम्ही गप्प बसा, वीस वर्षं शिकवते मी!

गुरुवारी पारुलबेन, सोसायटीच्या सेक्रेटरी, अगदी साखरेत घोळून, "बेन, पोरगी गोड आहे हो, पण यंदा बघायलाच बसवू या ना?" पंक्ति शेजारीच उभी. लोकांना वाटतं तिला कळत नाही. सगळं कळतं हो तिला!

घरी येऊन वही उघडली, सतरा पानं भरलेली... तर बा, माझ्या सासूबाई, गवार मोडता मोडता म्हणाल्या, "तिला विचारलंस का?"

आता बघा... सतरा पानं! आणि विचारलंच नव्हतं! वीस वर्षं शिक... जाऊ दे.

विचारलं. पंक्ति माझ्या हातांकडे बघत म्हणाली, "मम्मी, तिसऱ्या फेऱ्यात गाणं पळायला लागतं. तेव्हा तुझी टाळी चुकते. रोज चुकते. मला सहन होत नाही."

म्हणजे तिला धीर यावा म्हणून तिच्या पुढे नाचत कोण होतं? मीच!

शनिवारी मी रिंगणाबाहेर, ती आत. अकरा फेरे! एक टाळी चुकली नाही. रडले हो मी, चांगलं भोकाड पसरून, पारुलबेनच्याच खांद्यावर!

आता रोज शाळेतून आली की ती मला टाळ्या शिकवते. टाळी बरोबर आली की खाखऱ्याचा एक तुकडा माझ्या तोंडात घालते, चुकली की डबा बंद. चार दिवस झाले... दोन तुकडे मिळालेत.