डोकं त्याच्याकडे, पँट ह्याच्याकडे

नाही, पण मी काय म्हणतो, घाई असली म्हणून माणसानं आपलं डोकं एकाच्या आणि पँट दुसऱ्याच्या ताब्यात द्यावी का? दिली ना मी! काय करणार, पाच वाजता तिच्या वडिलांना पहिल्यांदा भेटायचं होतं, आणि तिनं ऑफिसातच दम भरला होता, "बाबांना गबाळा माणूस चालत नाही, आणि उशीर तर मुळीच नाही. आज बिघडलं तर लग्नाचं नाव काढायचं नाही!" म्हणून तुम्हाला सांगतो, तिच्याच गल्लीच्या तोंडाशी एक दुकान आहे तिथे घुसलो. एकच गाळा, मधे पडदा, अलीकडे सलूनवाले काका, पलीकडे टेलरमास्तर. म्हटलं वा, एका दगडात दोन पक्षी! पडद्यावरून पँट दिली इस्त्रीला आणि चादर गुंडाळून बसलो खुर्चीत.

काकांनी मशीननं डावी बाजू अशी सफाचट केली, आणि मानेवरचे केस उडवायला ड्रायर लावला, त्याच क्षणी पलीकडे मास्तरांनी इस्त्री लावली, आणि... फट्! पंखा बंद, दिवा बंद, मशीन बंद. डाव्या बाजूला वाळवंट, उजव्या बाजूला जंगल, आणि कमरेखाली नुसती चादर!

बरं, फ्यूज उडाला तर तार बदला आणि मोकळे व्हा ना! छे! ह्या दोघांचा आपसातला नियम, ज्याच्यामुळे उडाला त्यानं चढायचं. फ्यूज बाहेर, दाराच्या वर. स्टूल डुगडुगतं, आणि दोघंही अंगानं भरभक्कम. काका म्हणतात, "तुमची इस्त्री वीज पिते!" मास्तर म्हणतात, "आणि तुमचा ड्रायर काय उपाशी असतो?" मग पडदा सरकला आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले... "साहेब, तुम्ही शिकलेले दिसता. करा हिशोब!"

आता सांगा, काय बोलणार? डोकं त्याच्याकडे, पँट ह्याच्याकडे!

बोट साबणाच्या फेसात बुडवलं आणि आरशावर मांडलं सगळं. दोन्हींवर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं, दोनशे तीस व्होल्ट. इस्त्री चार अँपिअर, ड्रायर पाच. व्होल्टला अँपिअरनं भागलं की रोध, एवढं शाळेतलं आठवत होतं. इस्त्री साडेसत्तावन्न ओहम, ड्रायर सेहेचाळीस. काकांनी टाळीच वाजवली हो! "बघा! माझे सेहेचाळीसच! चढा मास्तर!" आणि माझी जीभ गप्प बसेल तर शपथ... "अहो काका, रोध म्हणजे अडवणूक. अडवणूक कमी, तर वीज जास्त घुसणार!"

काकांची कात्री हवेतच थांबली. कानापाशी! "म्हणजे दोष माझा?"

"नाही नाही, थांबा, आपण गुणून बघू!" कशाला बोललो मी? व्होल्ट गुणिले अँपिअर, इस्त्री नऊशे वीस वॉट, ड्रायर अकराशे पन्नास. मास्तर ओरडले, "अकराशे पन्नास! चढा काका!" काकांनी शांतपणे कंगवा खिशात घातला. "चढतो की. पण मग आज ह्या हातानं उरलेलं डोकं व्हायचं नाही. हात भरून येतो माझा." म्हटलं ठीक, मग मास्तरांना चढायला सांगतो, तर मास्तर माझ्या पँटची घडी घालून म्हणतात, "उद्या या." इकडे आड, तिकडे विहीर! डोकं त्याच्याकडे, पँट ह्याच्याकडे, आणि घड्याळ कुणाच्याच ताब्यात नाही!

शेवटी मी म्हटलं, "चूक कुणाचीच नाही! फ्यूज सहा अँपिअरचा. एकटी इस्त्री चार, चालते. एकटा ड्रायर पाच, चालतो. दोन्ही एकदम लावले, झाले नऊ, म्हणून उडाला!" काय खूश झालो मी स्वतःवर, तुम्हाला सांगतो! मग मास्तर हळूच म्हणाले, "पण काका, एकदम लावले कुणासाठी?" काका म्हणाले, "हो की! डोकं कुणाचं? पँट कुणाची?"

आणि जन्माचं भांडण मिटलं हो त्या दोघांचं!

चढलो. मेन बंद करून, कमरेला चादर, अर्धं डोकं, भर रस्त्यावर स्टुलावर उभा... आणि समोरून कोण यावं? ती! हातात पिशवी, शेजारी वडील! वडिलांनी वर बघितलं. "काय हो वायरमन, इथलं झालं की आमच्याकडे याल का? आमचाही फ्यूज सारखा जातो." मी तिच्याकडे बघतोय, आता बोलेल, मग बोलेल... बाईसाहेबांनी डोळे असे वटारले, की खबरदार ओळख दाखवलीस तर! आणि म्हणते, "बाबा, चला ना लवकर, पाच वाजता पाहुणे यायचेत."

पुढे केस झाले, पँट मिळाली, धावत गेलो, बेल वाजवली. दार बाबांनीच उघडलं. "या या वायरमन! ते बघा, तिथे वर!" मागून ती हात जोडतेय, बोलू नकोस म्हणून. काय करता? चढलो!

तेव्हापासून बोलावतात हो, मिक्सर बिघडला की मी, पंखा अडला की मी. चहा देतात, पाठ थोपटतात. परवा तर शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाले, "त्या दिवशी एक जण येणार होता पोरीला मागणी घालायला, आलाच नाही बघ, बेशिस्त मेला! तू मात्र हाकेला ओ देतोस. तुझ्या पाहण्यात एखादा चांगला मुलगा असला तर सांग हो... फक्त वायरमन नको!"