मालकांची लोखंडी खाट

आधी चहा ओत, मग सांगते. अजून डोकं तापलेलंच आहे माझं.

आमची कंपनी मिरजेत दवाखान्यांच्या खाटा बनवते. यापुढं काय बनवायचं, याचं प्रेझेंटेशन मालकांपुढं करायचं होतं. त्यासाठी मी दवाखाने पालथे घातले, पेशंटच्या घरी जाऊन बसले आणि एकच गोष्ट मांडली: जुनी लोखंडी खाट बंद करा, घरात वापरता येईल अशी हलकी खाट काढा.

आमचे मॅनेजर देशमाने सर म्हणाले, "रेश्मा, ती स्लाइड काढ. ती खाट साहेबांनी स्वतः आखलीय. दुखावतील."

मी ऐकेना, तर त्यांनीच ती काढली आणि तिथं बाजाराचे आलेख भरले.

मीटिंगमध्ये तिसऱ्याच आलेखाला मालक वैतागले. "हे राहू द्या वो. आपण करायचं काय, तेवढं सांगा."

देशमाने सर पुढचा आलेख शोधायला लागले. मग मीच बोलले, "साहेब, तुमची लोखंडी खाट बंद करायची."

मालकांनी मान डोलावली. "व्हय, लय जड हाय ती. घरी आईसाठी नेली, तर चौघांना हलंना. मग हे आधी का न्हाई दाखवलं?"

माझं तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं, साहेब. हेच आमचं धोरण आहे."

"साहेब, ती स्लाइड सरांनीच..." म्हणेपर्यंत मालक हसत उठले, "देशमाने, नवी खाट तुमीच बघा" म्हणाले आणि गेलेसुद्धा.

बाहेर आल्यावर हा माणूस मला काय म्हणाला असेल?

"स्लाइडचे रंग मात्र छान निवडले होतेस हं!"